चेहऱ्याआधी कड पाहावी

वाचक विचारतात : जुनी युरोपीय चांदीची नाणी आणि त्यांवरील राजेराण्या

गेल्या अंकात गोव्याच्या जुन्या टांकसाळीविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गोव्याच्या नाण्यांबद्दल नाहीत. घरोघरी पेटाऱ्यांत, देवघरांत आणि गळ्यातल्या दागिन्यांत पडून असलेल्या परदेशी चांदीच्या नाण्यांबद्दल ती विचारतात. सारख्या आशयाचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांनी छायाचित्रे पाठवली त्यांनी सोबत वजन कळवले असते, तर काही उत्तरे अधिक नेमकी देता आली असती, एवढी तक्रार आरंभीच नोंदवून ठेवतो.

म्हापशाहून एक वाचक : आजीच्या पेटाऱ्यात चांदीचे एक मोठे नाणे मिळाले. एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली, भरल्या अंगाची बाई आहे. दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि १७८० हे साल आहे. पणजोबा एडनला नोकरीस होते, असे घरात सांगतात. सोनार म्हणतात की ही राणी व्हिक्टोरिया. नाणे खरोखर १७८० चे असेल का? त्याची किंमत किती होईल?

उत्तर : सोनारांचा अंदाज चुकला आहे, पण त्यांना दोष देता येत नाही. चांदीच्या नाण्यावर बाई दिसली की ती व्हिक्टोरियाच, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आपल्या नाण्यावरील स्त्री म्हणजे मारिया तेरेसा. १७४० साली हाब्सबुर्ग घराण्याच्या वारशाने ती ऑस्ट्रिया, हंगेरी आणि बोहेमियाची सत्ताधीश झाली आणि १७८० च्या नोव्हेंबरात वारली. ज्याला आपण पदर म्हणता ते वैधव्याचे वस्त्र आहे. तिचा पती फ्रान्सिस १७६५ साली वारला, आणि त्यानंतर तिची प्रतिमा डोक्यावरून घेतलेल्या या वस्त्रासह दिसू लागली.

या नाण्याला थालर म्हणतात. बोहेमियात योआकिमस्थाल, म्हणजे संत योआकिमची दरी, नावाचे चांदीच्या खाणींचे गाव होते. तेथे १५२० च्या सुमारास श्लिक घराण्याच्या सरदारांनी ही जाडजूड नाणी पाडण्यास आरंभ केला. त्या गावाच्या नावाचे शेपूट घेऊन ‘थालर’ हा शब्द झाला आणि त्याचाच पुढे ‘डॉलर’ झाला. रशियन लोकांनी मात्र शेपटाऐवजी डोके उचलले आणि त्याच नाण्याला ‘येफिमोक’ म्हटले.

आता सालाविषयी. आपल्या नाण्यावरचे १७८० हे साल खरे मानून चालणार नाही. राणी गेली तरी तिचे नाणे थांबले नाही. तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरील, म्हणजे येमेनातील आणि इथिओपियातील, व्यापाऱ्यांना हाच चेहरा आणि हेच साल असलेले नाणे हवे असे. दुसरे नाणे चांदीने तितकेच भारी असले तरी ते हातात घेऊन परत करीत. त्यामुळे व्हिएन्ना, मिलान, व्हेनिस अशा निरनिराळ्या टांकसाळी तिच्या मृत्यूनंतर शतकभर आणि त्याहूनही पुढे १७८० चाच ठसा वापरीत राहिल्या. इथिओपियावरील स्वारीच्या वेळी, १९३५ साली, इटलीने हे ठसे ऑस्ट्रियाकडून मिळवले. त्यावर ब्रिटनने पुढच्या वर्षी लंडनमध्ये आपले स्वतःचे ठसे करून तीच नाणी पाडली. १९४० आणि १९४१ साली तर ती मुंबईच्या टांकसाळीतही पडली. आपले पणजोबा एडनला होते, तेव्हा आपली ही ऑस्ट्रियन राणी मुंबईच्या फोर्टात जन्मलेली असणेही अशक्य नाही.

राणीच्या खांद्याखाली रोमन एस आणि एफ ही अक्षरे दिसतील. ती ग्युन्झबुर्ग टांकसाळीचे अधिकारी श्योबल आणि फाबी यांची आद्याक्षरे आहेत. परंतु नंतरच्या प्रतींतही ती तशीच ठेवली गेली असल्याने केवळ त्यांवरून नाणे मुळातले ठरत नाही. नाणे अस्सल चांदीचे असेल तर वजन २८.०७ ग्रॅमच्या आसपास भरेल. कस हजारी ८३३, म्हणजे हजार भागांत ८३३ भाग चांदी, असल्याने त्यात शुद्ध चांदी सुमारे २३.४ ग्रॅम निघते. कडेवर उठावाच्या अक्षरांत ‘न्याय आणि दया’ या अर्थाचे लॅटिन शब्द असतील. नंतरच्या प्रतींची किंमत चांदीच्या चालू दरापेक्षा फारशी वर जात नाही, आणि हारात ओवण्यासाठी कडी जोडलेली असेल तर ती आणखी उतरते. नाण्याच्या पाकिटात पणजोबांचे नाव, एडनला ते कोणत्या वर्षी होते आणि नाणे कोणाकडून कोणाकडे आले, हे लिहिलेली चिठ्ठी मात्र अवश्य ठेवावी. ही माहिती सोनाराच्या काट्यावर येत नाही आणि एकदा हरवली की पुन्हा मिळत नाही.

डिचोलीहून एक शिक्षिका : आमच्याकडे रुपयाएवढे एक ओबडधोबड नाणे आहे. त्यावर एकामागे एक असे दोन चेहरे एकाच दिशेला पाहत आहेत, आणि मागे पोर्तुगालचे राजचिन्ह आहे. हे राजाराणी आहेत की दोन राजे?

उत्तर : राजाराणी आहेत, आणि आजच्या वाचकाला थोडे अवघड वाटेल असे नाते म्हणजे, राजा हा राणीचा सख्खा काका आहे. मारिया पहिली ही जुझे पहिला याची मुलगी, आणि तिचा पती पेद्रू तिसरा हा त्याच जुझेचा धाकटा भाऊ. १७७७ ते १७८६ या काळात दोघांच्या नावाने राज्यकारभार चालला, म्हणून नाण्यावर दोघेही आहेत. पेद्रू १७८६ साली वारल्यावर राणी एकटी उरली. त्यानंतरच्या ब्राझीलमधील सोन्याच्या नाण्यांवर तिच्याही डोक्यावर वैधव्याचे वस्त्र येते. वरच्या प्रश्नातील ऑस्ट्रियन मारियेशी या पोर्तुगीज मारियेचे हे साम्य संग्राहकांनी शेजारीशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

आपले नाणे गोव्याच्या टांकसाळीत पडलेली रुपी आहे. तिचा हिशेब असा : एक रुपी म्हणजे दोन शेराफीं, एका शेराफींचे पाच तांगे, आणि एका तांग्याचे साठ रेइस, म्हणजे रुपीचे एकूण सहाशे रेइस. ही नावे पाहिली तरी गोव्याच्या बाजारात कोणकोण येऊन गेले ते कळते. शेराफीं हे ‘अशरफी’चे पोर्तुगीज रूप, तांगा म्हणजे आपला टंक, आणि त्याआधी प्रचारात असलेला ‘पारदाव’ हा शब्द तर ‘प्रताप’ या संस्कृत शब्दावरून आलेला आहे.

ओबडधोबडपणाबद्दल आपण थोडे नाराज दिसता, पण मला त्यातच या नाण्याची गंमत वाटते. पोर्तुगालचा कोणताही राजा गादीवर असताना गोव्यात आला नाही. येथील ठसे कोरणाऱ्यांना आधार असलाच तर दुसऱ्या नाण्याचा किंवा एखाद्या चित्राचा. त्यामुळे या रुपींवरील राजेराण्या कधी जत्रेतल्या मुखवट्यांसारख्या, तर कधी मुलांनी पाटीवर काढलेल्या माणसांसारख्या दिसतात. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. खुद्द पोर्तुगालच्या चांदीच्या नाण्यांवर त्या काळात सहसा राजाचा चेहरा नसे. एका बाजूला राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला क्रूस, एवढेच असे. तेथील ‘तोस्तांव’ या नाण्याचे नाव इटालियन ‘तेस्तोने’वरून, म्हणजे ‘डोकेवाले नाणे’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. पण त्या तोस्तांववर डोके नाही! लिस्बनच्या प्रजेला चांदीत न दिसणारा राजा गोव्याच्या प्रजेला मात्र रुपीवर दिसत होता.

आपण डिचोलीच्या आहात म्हणून एक जोड देतो. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ साली, पोर्तुगीज अमलाखाली गेले. म्हणजे नव्या काबिजादींचा, पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखाचा, हा भाग याच राणीच्या कारकिर्दीतला. आपल्या घराण्यात ही रुपी त्याच सुमारास आली असेल, तर ती नव्या सरकारच्या पहिल्या ओळखीपैकी एक म्हणावी लागेल.

काही वाचकांनी लुईस पहिला या राजाची १८८१ सालची रुपीही ‘तीनशे वर्षांची जुनी’ म्हणून पाठवली आहे. ती यंत्रावर पडलेली, गोल गरगरीत आणि ब्रिटिश रुपयाच्याच वजनाची, म्हणजे ११.६६ ग्रॅमची आहे. कारण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवण्यात आले. ती सुंदर आहे, पण या सदराच्या काळातली नव्हे.

मडगावहून एक निवृत्त बँक अधिकारी : युरोपीय व्यापाऱ्यांनी मसाल्याच्या मोबदल्यात जहाजे भरभरून चांदी आणली, असे वाचतो. मग गोव्यात किंवा कोकणात सोळाव्या-सतराव्या शतकातली युरोपीय नाणी इतकी दुर्मिळ का?

उत्तर : ती वितळली. एका शब्दाचे हे उत्तर पुरेसे आहे, पण प्रश्न बँकेतल्या माणसाचा असल्याने हिशेब उलगडून सांगतो.

आजच्या बोलिव्हियातील पोतोसीचा चांदीचा डोंगर १५४५ साली स्पॅनिश लोकांच्या हाती लागला. मेक्सिकोतील टांकसाळ त्याआधी दहा वर्षे स्थापन झाली होती. या दोन ठिकाणांहून निघालेल्या चांदीचे आठ रेआलचे नाणे जगभर पसरले. पोर्तुगीज त्याला ‘पाताका’ म्हणत. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांत, आणि पुढे डच व इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतही, हीच नाणी पेट्या भरभरून येत. आपल्याकडच्या सराफाच्या लेखी मात्र ते नाणे नव्हते, चांदीचा तुकडा होता. त्यावर स्पेनच्या कोणत्या फिलिप राजाचे नाव आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. वजन किती, कस किती आणि बट्टा किती, एवढेच तो पाही. सुरतेच्या टांकसाळीत गेलेली चांदी मोगल बादशहाच्या नावाचा रुपया होऊन बाहेर पडे, गोव्यात गेलेली शेराफीं होई, आणि उरलेली बायकांच्या पायांत तोडे होऊन राही.

इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला हे अनुभवाने शिकावे लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या सफरीसाठी १६००-१६०१ साली लंडनमध्ये खास नाणी पाडण्यात आली. वजनाला ती मुद्दाम स्पॅनिश रेआलबरोबर ठेवली होती, आणि त्यांवर किल्ल्याच्या दरवाजाची लोखंडी जाळी होती. इतके करूनही पूर्वेकडच्या बाजारांत ती रुजली नाहीत, कारण लोकांचे हात स्पॅनिश नाण्याला सरावले होते. पुढच्या सफरींत कंपनी मुकाट्याने स्पॅनिश नाणी घेऊन निघू लागली.

याच संदर्भात १६७४ चा प्रसंग आठवतो. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला होता. इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, असे त्यांतील एक कलम होते. महाराजांनी ते अनावश्यक ठरवले. नाणे वजनाला आणि कसाला बरोबर असेल तर ते आपोआप चालेल, नसेल तर रयतेवर ते घेण्याची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. नाण्याबद्दल इतके स्वच्छ मत त्या काळच्या युरोपातल्या थोड्याच राजांचे असेल. आठव्या हेन्रीने १५४४ नंतर आपल्या चांदीच्या नाण्यांत इतके तांबे मिसळले की वापराने वरचा पांढरा थर जाई आणि नाण्यावरील त्याच्या नाकाचा शेंडा तांबडा दिसू लागे. प्रजेने त्याला ‘तांबड्या नाकाचा म्हातारा’ म्हणण्यास कमी केले नाही.

तेव्हा आज आपल्याकडे जे एखादे जुने रेआल मिळते, ते सराफाच्या मुशीतून निसटलेले असते. अशा नाण्यावर पारख करताना मारलेले लहान छिन्नीचे घाव किंवा ठसे असतील, तर ते दोष समजून घालवू नयेत.

फोंड्याहून एक वाचक : किनाऱ्यावरच्या बाजारात स्पेनच्या तिसऱ्या चार्ल्सचे आठ रेआलचे नाणे घेतले. विक्रेता ते अस्सल असल्याचे सांगतो. घरच्या घरी खात्री कशी करावी?

उत्तर : मी स्वतः वीस वर्षांपूर्वी अशाच एका बाजारात याच राजाचे नाणे मोठ्या आनंदाने घेतले होते. राजाचे नाक, केसांची फीत, खांद्यावरचे वस्त्र, सगळे कसे ठसठशीत होते! घरी येऊन वजन केले तेव्हा ते जेमतेम तेवीस ग्रॅम भरले. तेव्हापासून चेहरा सर्वांत शेवटी पाहण्याची सवय लावून घेतली आहे. चेहरा ही खोटे नाणे करणाऱ्याने सर्वांत जास्त मेहनत घेतलेली जागा असते.

प्रथम वजन. आपल्या नाण्याचे ठरलेले वजन २७.०७ ग्रॅम आहे. झिजेमुळे त्यात थोडी घट समजण्यासारखी आहे, पण तीन-चार ग्रॅमची नव्हे. त्यानंतर कड. १७७२ पासून पडलेल्या, राजाचा चेहरा असलेल्या नाण्यांच्या कडेवर एक वर्तुळ, एक आयत, पुन्हा वर्तुळ, पुन्हा आयत, अशी नक्षी सलग फिरते. त्याआधीच्या, म्हणजे १७३२ पासूनच्या, दोन खांब आणि समुद्रावरील दोन पृथ्वीगोल असलेल्या प्रकारावर चेहरा नसतो आणि त्याची कडेची नक्षी पानाफुलांची असते. ओतीव खोट्या नाण्याच्या कडेवर बहुधा साच्याच्या दोन अर्धांचा सांधा दिसतो, किंवा तो घासून घालवल्याच्या खुणा दिसतात.

तिसरी परीक्षा पाण्याची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यावा. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. मग बारीक दोऱ्याने नाणे पाण्यात असे सोडावे की ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. हजारी ९०३ कसाच्या चांदीसाठी हे उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवे, म्हणजे २७.०७ ग्रॅमच्या नाण्यासाठी काट्यावर २.६२ च्या आसपास आकडा दिसेल. उत्तर ९ च्या खाली आले, तर नाण्यात चांदी शोधण्याचे श्रम घेऊ नयेत. जुने सराफ नाणे वाजवून पाहत आणि ‘खणखणीत’ हा शब्द आपल्याला त्यांच्याच पेढीवरून मिळाला, पण संग्रहातले नाणे फरशीवर आपटून त्याची परीक्षा घेऊ नये.

एक सापळा मात्र उलट्या बाजूचा आहे. नाण्यावरील लेखात चौथ्या चार्ल्सचे नाव, साल १७८९ किंवा १७९०, आणि चेहरा मात्र तिसऱ्या चार्ल्सचा, असे नाणे दिसले तर ते खोटे समजून टाकून देऊ नये. बाप १७८८ च्या डिसेंबरात वारला. नव्या राजाच्या चेहऱ्याचे ठसे अमेरिकेतील टांकसाळींना मिळेपर्यंत तेथे बापाच्याच चेहऱ्याभोवती मुलाचे नाव घालून काम चालवले गेले. १८०८ साली सातवा फर्डिनांड गादीवर येताच नेपोलियनच्या कैदेत पडला, तेव्हा तर मेक्सिकोच्या कारागिरांनी चिलखत घातलेला एक काल्पनिक राजाच नाण्यावर कोरला. तो चेहरा खऱ्या फर्डिनांडचा नाही, तरीही नाणे अस्सल आहे.

पणजीहून महाविद्यालयात शिकणारी एक वाचक : मला राजांच्या चेहऱ्यांचा संग्रह करायचा आहे, पण खर्च फार करता येणार नाही. सुरुवात कोठून करू?

उत्तर : ‘युरोपचे सर्व राजे’ असा संकल्प सोडण्यापासून. जर्मन भाषिक प्रदेशातच नाणी पाडण्याचा हक्क असलेले राजे, सरदार, बिशप आणि नगरे इतकी होती की त्यांच्या यादीतच आयुष्य संपेल. साक्स-वायमार घराण्याच्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका थालरवर चार भाऊ एका बाजूला आणि चार भाऊ दुसऱ्या बाजूला, असे आठ सत्ताधीश एकाच नाण्यावर दाटीवाटीने बसलेले आहेत. यावरून कल्पना यावी.

त्याऐवजी एकच दीर्घायुषी राजा निवडावा आणि त्याचे वय वाढताना पाहावे. फ्रान्सचा चौदावा लुई यासाठी सर्वोत्तम आहे. १६४३ साली तो गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता, आणि १७१५ साली वारला तेव्हा सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या नाण्यांवर प्रथम गोबऱ्या गालांचे, कुरळ्या केसांचे मूल दिसते. मग केस लांब होतात, मग मिशी येते, मग मोठा कृत्रिम केशसंभार येतो आणि शेवटी हनुवटीखाली वळ्या पडलेला म्हातारा दिसतो. राजचेहरे सहसा खोटी तारुण्यवाणी बोलतात, पण या मालिकेत काळाला बरीच मोकळीक मिळाली आहे.

लुईच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतील नाण्यांवर आणखी एक गोष्ट पाहावी. युद्धांचा खर्च भागेना म्हणून १६८९ साली व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे सामानसुद्धा वितळवण्यात आले, आणि जुनी नाणी परत मागवून, न वितळवता, त्यांवरच नवा ठसा मारून ती वाढीव भावाने चालवण्यात आली. त्यामुळे नव्या राजचिन्हाच्या खालून जुन्या लेखाची अक्षरे, कधी जुन्या सालातील आकड्याचे पोट, भूत दिसावे तसे डोकावते. बहुतेक विक्रेते अशा नाण्याला ‘खराब छाप’ म्हणतात. आपण ते आनंदाने घ्यावे.

खर्चाच्या दृष्टीने एक्यू या मोठ्या फ्रेंच नाण्याऐवजी किंवा थालरऐवजी लहान नाणी घ्यावीत. हाब्सबुर्ग सम्राट पहिला लेओपोल्ड याचे पंधरा क्रॉयत्सरचे नाणे साधारण सहा ग्रॅमचे असते आणि त्याच्या सत्तेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत ते विपुल पडले असल्याने आजही मिळते. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने केल्याने या घराण्यात उतरलेला पुढे आलेला जबडा आणि लोंबता खालचा ओठ त्या छोट्या चकतीवरही लपत नाही. सम्राटाने तो लपवावा असा हुकूमही केलेला दिसत नाही. मागच्या बाजूला के आणि बी ही रोमन अक्षरे असतील तर नाणे आजच्या स्लोव्हाकियातील क्रेमनित्सा येथे पडलेले आहे. फ्रेंच नाण्यावरचे एकटे ए हे अक्षर पॅरिसचे आणि डी हे लियाँचे. चेहरे जमवता जमवता अशा अक्षरांची वही ठेवावी. ती एक-दोन वर्षांत संग्रहाइतकीच उपयोगाची होते.

वास्कोहून एक वाचक : डच नाण्यावर राजा का नसतो? माझ्याकडील नाण्यावर ढालीमागे उभा शिपाई आणि उलट बाजूला सिंह आहे.

उत्तर : कारण राजा झुगारून देऊनच ते राज्य उभे राहिले. आपले नाणे ‘सिंह डालर’ आहे; १५७५ पासून ते हॉलंडमध्ये पडू लागले. १५८१ साली डच प्रांतांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला आपला राजा मानण्यास जाहीर नकार दिला. हजारी ७५० च्या आत कस असलेले हे नाणे परदेशी व्यापारासाठी सोयीचे होते. वेंगुर्ल्याला डचांची वखार १६३७ पासून होती, तेव्हा ते आपल्या परिसरात दिसावे यात नवल नाही.

चेहरा नसणे हीसुद्धा घोषणा असते. इंग्लंडने पहिल्या चार्ल्सचा १६४९ साली शिरच्छेद केला. त्यानंतर तेथील नाण्यांवरून राजा गेला आणि त्याच्याबरोबर लॅटिनही गेली. लेख साध्या इंग्रजीत आले. पण लवकरच, राजा न होता सत्ता हाती घेतलेल्या क्रॉमवेलचा चेहरा, रोमन सम्राटासारखी पाने डोक्याला बांधून, नाण्यावर अवतरला आणि लॅटिन परतली!

काणकोणहून एक गृहिणी : नाणी काळी पडली आहेत. चिंचेने घासली तर चालतील का?

उत्तर : नाही. चिंच, लिंबू, रिठे, राख, दंतमंजन आणि भांडी घासायची कोणतीही पूड यांपैकी काहीही चालणार नाही. चांदीवरचा काळेपणा हा हवेतील गंधकाच्या संयोगाने आलेला पातळ थर असतो. तो घासताना त्याखालची कोरीव रेघही जाते, आणि घासून चकचकीत केलेले नाणे जाणकार दुरूनच ओळखतो. तेलकट चिकटपणा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही वेळ ठेवून, न पुसता, मऊ कापडावर सुकू द्यावे. अॅसिटोन चटकन पेट घेतो, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा आणि खारा वारा आहे. नाणी हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, आणि जूनच्या आधी त्या पुड्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि पुठ्ठ्याचे खोके यांत गंधक असू शकते, म्हणून ती दूर ठेवावीत. मऊ, वासाच्या प्लास्टिकची पाकिटे तर मुळीच नकोत. काही वर्षांत त्यांतून हिरवट चिकट द्रव सुटतो. डांबराच्या गोळ्या कपड्यांपुरत्याच राहू द्याव्यात. नाणे नेहमी कडेला धरून उचलावे.

सांखळीहून एक बागायतदार : कुळागरात खणताना मडक्यात जुनी नाणी मिळाली. माझ्या जमिनीत मिळाली, तेव्हा ती माझीच ना?

उत्तर : इतक्यात तसे समजू नये. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मालकी कोणाची, हे त्यानंतर ठरते. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. परदेशातील नातेवाइकांना ‘भेट’ म्हणून टपालाने पाठवण्याचा आपण पत्रात उल्लेख केलेला विचार म्हणूनच सोडून द्यावा.

मडके जेथे मिळाले ती जागा, खोली आणि नाण्यांची संख्या आजच लिहून ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत आणि मडक्याचे तुकडेही जपून ठेवावेत. नाण्यांना चिकटलेली माती तशीच राहू द्यावी. जिल्हाधिकारी कचेरीत नेताना ती धुऊन, पुसून नेण्याचे सौजन्य दाखवू नये.